रद्द कार्डाचा गुन्हा कोणत्या कलमात बसवायचा? गृहविषयक संसदीय स्थायी समितीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
गृहविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली.

महोदय,

भारतीय न्याय संहितेचे विधेयक आपल्या समितीपुढे विचारार्थ होते आणि नोव्हेंबर २०२३मध्ये समितीने त्यावरचा अहवाल सादर केला, म्हणून हे पत्र अन्य कोणाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. ती संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिच्यात पुष्कळ नव्या गुन्ह्यांना नावे मिळाली, परंतु आमच्यासारख्यांच्या घरात रोज घडू शकणाऱ्या एका फसवणुकीला मात्र स्वतःचे नाव मिळालेले नाही. ब्लॉक केलेले, रद्द झालेले किंवा मुदत संपलेले एटीएम, डेबिट वा क्रेडिट कार्ड लबाडीने वापरणे, ही ती फसवणूक. मी इंदूरचा रहिवासी असून बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षे कार्ड विभागात गेल्यामुळे या विषयाची ओळख मला रजिस्टरे भरता भरता झाली, आणि गेल्या वर्षी तो विषय आमच्याच घरात आला.

आमच्या काकू शहात्तर वर्षांच्या आहेत. काकांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनावर राजेंद्रनगरला एकट्या राहतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या घराजवळच्या एटीएमवर गेल्या, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने अदबीने म्हटले, "अम्माजी, मशीन अटक रही है, कार्ड साफ करके डालिए." त्याने कार्ड हातात घेतले, शर्टाच्या बाहीला पुसले, मशीनमध्ये घालून दिले, काकूंनी पिन दाबला, चार हजार रुपये निघाले. निघताना कार्डही त्यानेच काढून हातात दिले. काकूंनी घरी येऊन ते पासबुकाच्या पिशवीत ठेवले आणि दुपारची झोप घेतली. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्यांच्या मुलाचा, आणि मुलगा नोकरीला पुण्यात. त्याने संध्याकाळी मेसेज पाहिले तोवर सोळा हजार रुपये दुसऱ्या एटीएममधून निघाले होते आणि साडेबावीस हजारांची एक खरेदी झाली होती. त्याने रात्री साडेआठला कार्ड ब्लॉक केले आणि मग आईला फोनवर सांगितले की पिशवीतले कार्ड काढ आणि शेवटचे चार आकडे वाच. काकूंनी चष्मा लावून वाचले. ते आकडे जुळेनात. त्यांनी पुन्हा वाचले. कार्ड त्याच बँकेचे, त्याच निळ्या रंगाचे, पण त्यावर एका अनोळखी बाईचे नाव होते आणि मुदत ऑगस्ट २०२२मध्येच संपलेली होती. "मला निळं दिसलं, मी ठेवून दिलं," एवढेच काकू आजही म्हणतात.

पैशाचा वाद आता रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे गेलेला आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. माझे म्हणणे त्यापुढच्या दोन दिवसांविषयी आहे. कार्ड ब्लॉक झाल्यावर मुलाच्या फोनवर आणखी दोन मेसेज आले. काकूंच्या कार्डावर दोन ठिकाणी व्यवहार करण्याचा प्रयत्न झाला होता आणि कार्ड बंद असल्यामुळे तो नाकारला गेला होता. मी हे दोन्ही मेसेज छापून तक्रारीला जोडायला घेऊन गेलो. तक्रार लिहून घेणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याने ते वाचले आणि परत दिले. "इसमें तो पैसा गया ही नहीं," असे तो म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याच्यासमोर असलेल्या छापील नमुन्यात "गेलेली रक्कम" असा रकाना होता आणि या दोन प्रयत्नांपुढे त्याला शून्य लिहावे लागले असते.

कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर नव्हते. न्याय संहितेच्या कलम ६२मध्ये गुन्ह्याच्या प्रयत्नाची व्याख्या आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ५११मधून, म्हणजे १८६०पासून, चालत आलेले एक उदाहरण तिथे आजही आहे. खिसेकापू एकाच्या खिशात हात घालतो, खिशात काहीच निघत नाही, तरीही तो प्रयत्नाचा गुन्हेगार ठरतो. बंद पडलेले कार्ड मशीनमध्ये घालणारा माणूस म्हणजे हाच रिकाम्या खिशात हात घालणारा खिसेकापू होय. फसवून मालमत्ता मिळवण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे कलम ३१८च्या पोटकलम ४ला, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि प्रयत्नाला त्याच्या निम्मी, म्हणजे साडेतीन वर्षांपर्यंत. तेव्हा कायद्यात तरतूद नाही असे मी म्हणत नाही. तरतूद आहे, पण ती दीडशे वर्षांपूर्वीच्या खिशातून बाहेर काढून आजच्या मशीनपर्यंत न्यावी लागते, आणि ते काम ठाण्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाने करावे ही अपेक्षा अवास्तव आहे.

आजघडीला असे प्रकरण तीन-चार कलमांत विभागले जाते. कार्ड हातचलाखीने घेतले ती चोरी, कलम ३०३. इथे एक विचित्र गोष्ट घडते. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालमत्तेची चोरी पहिल्यांदा करणाऱ्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी असे या कलमात म्हटले आहे. भाजीची जुडी उचलणाऱ्या गरिबासाठी ही तरतूद योग्यच आहे. पण कार्डाची किंमत किती धरायची? प्लास्टिकचा तुकडा म्हणून दहा-वीस रुपये, की त्याच्यामागच्या खात्यातली शिल्लक? आणि कार्ड ब्लॉक केल्यानंतर ती किंमत शून्य झाली असे धरायचे का? संहिता याबाबत मौन बाळगते. दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवले तर कलम ३१९. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीमध्ये दुसऱ्याचा पासवर्ड किंवा एकमेव ओळखचिन्ह लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे आणि कलम ६६डीमध्ये संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ही दोन कलमे आमच्या प्रकरणाच्या सर्वांत जवळची, परंतु त्याच कायद्याच्या कलम ७८नुसार तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ठाण्यात निरीक्षक बहुधा एकच, आणि तो बंदोबस्तात. त्यामुळे पुष्कळदा ही कलमे लावण्याचेच टाळले जाते.

आणखी एक मुद्दा वकील मंडळी कोर्टाच्या आवारात चहा पिताना नेहमी काढतात आणि तो मला पोरकट वाटत नाही. कलम ३१८ "एखाद्या व्यक्तीला फसवून" असे म्हणते. एटीएम ही व्यक्ती नव्हे. कोणाही माणसाच्या हातात न देता कार्ड थेट मशीनमध्ये घातले, तर फसले कोण? बँक ही कायद्याने व्यक्ती आहे, असे उत्तर देता येते आणि बहुतेक वेळा ते पुरते. पण इंग्लंडच्या संसदेने हा प्रश्न उत्तरावर सोडला नाही. त्यांच्या २००६च्या फसवणूकविषयक कायद्यात यंत्रणेला किंवा उपकरणाला दिलेली खोटी माहिती हीसुद्धा खोटी माहितीच समजावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

इंग्लंडमधलाच एक जुना खटला या संदर्भात मुद्दाम सांगावासा वाटतो. १९७७मध्ये एका कार्डधारक बाईने दोनशे पौंडांची मर्यादा ओलांडली, बँकेने कार्ड परत मागितले, तिने ते देण्याचे कबूल केले, आणि तरीही काही दिवसांनी लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात त्याच कार्डावर दहा पौंड पस्तीस पेन्सची खरेदी केली. दुकानातल्या मुलीने साक्षीत सांगितले की बँक आणि ग्राहक यांच्यात काय चालले आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हते, दुकानाला पैसे मिळणारच होते. मग फसवले कोणाला, हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९८१मध्ये निकाल लागला की कार्ड पुढे करणे म्हणजेच "हे वापरण्याचा अधिकार मला आहे" असे सांगणे होय, आणि अधिकार नसताना ते सांगणे ही फसवणूक आहे. दहा पौंडांच्या खरेदीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला बसावे लागले, कारण कायद्यात त्या कृतीला स्वतःचे नाव नव्हते. आपल्याकडे ती वेळ येऊ नये.

अमेरिकेने हे नाव १९८४मध्येच दिले. त्यांच्या संघीय कायद्यात अनधिकृत साधनाची, म्हणजे अशा कार्डासारख्या साधनाची, जी व्याख्या आहे तिच्यात हरवलेले, चोरलेले, मुदत संपलेले, मागे घेतलेले आणि रद्द केलेले असे सर्व प्रकार शब्दशः मोजलेले आहेत. अशा साधनाने एका वर्षात एक हजार डॉलर वा अधिक किमतीचे काही मिळवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण मला त्या कायद्यातले याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे पोटकलम: फसवणुकीच्या हेतूने अशी पंधरा किंवा अधिक साधने नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. इंग्लंडच्या २००६च्या कायद्यातसुद्धा फसवणुकीसाठी वापरायची वस्तू जवळ बाळगणे याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हे मला महत्त्वाचे का वाटते, यासाठी पुन्हा काकूंच्या पिशवीतल्या त्या कार्डाकडे यावे लागेल. ते कार्ड ज्या बाईचे होते तिलाही कधीतरी कोणीतरी असेच फसवले असणार, असा माझा तर्क आहे. तिनेही रात्री घाबरून फोन केला असेल, कार्ड ब्लॉक केले असेल आणि सुटलो म्हणून निःश्वास टाकला असेल. ठकाच्या हातात उरलेले तिचे कार्ड पैसे काढण्याच्या कामाचे राहिले नाही, परंतु अदलाबदल करण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. खऱ्या बँकेचे, खऱ्या छपाईचे, चिप असलेले कार्ड. ते काकूंच्या हातात पडले आणि काकूंचे त्याच्या खिशात गेले. काकूंचे कार्ड त्या रात्री ब्लॉक झाले, म्हणजे आता पुढच्या अदलाबदलीला तेही तयार झाले. आज ते कोणत्या शहरात, कोणाच्या पिशवीत आहे देव जाणे, पण त्यावर आमच्या काकूंचे नाव छापलेले आहे. बऱ्याच बँका हल्ली खाते उघडतानाच नाव नसलेले कार्ड हातात देतात, त्यामुळे तर अदलाबदल ओळखण्याची ती एक खूणही राहिलेली नाही.

अशा टोळ्या पकडल्या गेल्याच्या बातम्या आमच्या मध्य प्रदेशात आणि शेजारच्या राज्यांत वारंवार छापून येतात आणि फोटोत पोलिसांच्या टेबलावर पत्त्यांसारखी पसरलेली कार्डे दिसतात. त्यांतल्या प्रत्येक कार्डाचा मालक शोधून, त्याची तक्रार जोडून, ते चोरीचे आहे हे सिद्ध केल्याशिवाय त्या ढिगाला कायद्यात फारसा अर्थ नाही. न्याय संहितेच्या कलम ११२मध्ये छोट्या संघटित गुन्ह्यांची तरतूद नव्याने आली, तिच्यात कार्ड स्किमिंगचा उल्लेख आहे आणि युक्तीने केलेल्या चोरीचाही, आणि शिक्षा किमान एक ते कमाल सात वर्षे आहे. ही तरतूद चांगली आहे आणि काकूंच्या प्रकरणात ती लागू शकली असती असे मला वाटते. पण तिला टोळी सिद्ध व्हावी लागते. एटीएमच्या रांगेत मात्र एकटाच माणूस उभा असतो. स्किमिंग म्हणजे कार्डावरची माहिती गुपचूप उतरवून घेणे, आणि अदलाबदलीत उतरवून घेण्यासारखे काहीच नसते.

पूर्वी कार्ड रद्द होणे ही गोष्ट कागदावर दिसत असे, तेव्हाची आठवण सांगतो, कारण तिचा या मागणीशी संबंध आहे. ऑनलाइन मशीन येण्यापूर्वी दुकानात कार्ड एका लोखंडी चौकटीत ठेवून त्यावर कार्बनची पावती ठेवीत आणि दांडी इकडून तिकडे सरकवीत. कार्डावरचे उठावाचे आकडे पावतीवर उमटत. रद्द कार्डांचे क्रमांक बँक बारीक टाइपात छापून दुकानदारांना पाठवी, त्याला आम्ही हॉटलिस्ट म्हणत असू, आणि ठरलेल्या रकमेच्या आतल्या खरेदीला दुकानदाराने ती यादी पाहायची, त्यावरच्या खरेदीला फोन करून मंजुरी घ्यायची, असा नियम असे. यादीतले कार्ड जप्त करून बँकेत आणून देणाऱ्या दुकानदाराला थोडेफार बक्षीस मिळे. एका कापड दुकानदाराने अर्धे कापलेले कार्ड पाकिटात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवले तेव्हाचा त्याच्या चेहऱ्यावरचा विजय मला अजून आठवतो. ती पद्धत वेळखाऊ होती आणि तिच्यातून फसवणुकीही पुष्कळ होत, म्हणून तिची मला खंत नाही. मात्र तिच्यात बंद कार्ड पुढे करणारा माणूस एका जाणत्या नजरेसमोर उभा असे. आता बंद कार्ड मशीनच नाकारते, दुकानदार "दुसरं कार्ड आहे का?" विचारतो, आणि प्रसंग तिथेच विरतो.

माझ्या भाच्याचे जेल रोडला मोबाइलचे दुकान आहे. दिवाळीच्या गर्दीत एक माणूस महागडा फोन घ्यायला आला आणि त्याने एकापाठोपाठ तीन कार्डे दिली. तिन्ही नाकारली गेली. तो "सर्व्हर डाउन होगा" म्हणत शांतपणे निघून गेला. भाच्याने सहज विचारावे म्हणून मला नाकारलेल्या पावत्यांचा फोटो पाठवला. एकीवर दोन आकडी कोड होता, ४३. कार्ड विभागात काम केलेल्या कोणालाही हा कोड झोपेतही कळतो: चोरीचे कार्ड, ताब्यात घ्या. ४१ म्हणजे हरवलेले, ५४ म्हणजे मुदत संपलेले. भाच्याला यांतले काहीही कोणी शिकवलेले नव्हते. त्याच्या लेखी "पैसे आले नाहीत" एवढाच त्याचा अर्थ होता. मशीन देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला त्याने फोन केला, तेव्हा व्यवहार झालेला नसल्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही असे उत्तर मिळाले. दुकानातल्या कॅमेऱ्यात त्या माणसाचा चेहरा स्पष्ट आलेला होता. तीस दिवसांनी ते चित्रण आपोआप पुसले गेले.

आता दुसरी बाजू, आणि हिच्याकडे आपण अधिक काळजीने पाहावे अशी विनंती आहे. बंद कार्ड वापरणारा प्रत्येक जण ठक नसतो. स्वतःचेच कार्ड, पण बँकेने थकबाकीमुळे बंद केलेले किंवा वर्षभर न वापरल्यामुळे रद्द झालेले, एखाद्याने अनवधानाने पुढे केले, तर त्याला गुन्हेगार ठरवणे हा अन्याय होईल. माझ्याच कपाटात पाच मुदतबाह्य कार्डे पडलेली आहेत, ती केवळ आळसामुळे. बँका ग्राहकाला कळवण्यात किती कसर ठेवतात हे मी आतून पाहिलेले आहे. ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद न केल्यास दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेला २०२२च्या निर्देशांत क्रेडिट कार्डांबाबत लिहावे लागले, यावरूनच त्या कारभाराची कल्पना यावी. उलट वर्षभर न वापरलेले कार्ड बँकेने बंद करण्यापूर्वी ग्राहकाला कळवून तीस दिवस थांबायचे, असेही तिथे आहे. अशा कारभाराच्या हातात फौजदारी कलम दिले तर वसुलीसाठी फोन करणारी माणसे उद्या त्याच कलमाची धमकी घालतील.

या बाबतीत चेकचा इतिहास आपल्यासमोर आहे. परक्राम्य संलेख अधिनियमातले कलम १३८ १९८९मध्ये लागू होण्याआधी न वटलेल्या चेकसाठी फसवणुकीचे कलम लावावे लागे आणि चेक देतानाच हेतू वाईट होता हे सिद्ध करणे महाकठीण होई. कलम १३८ने त्या कृतीला नाव दिले आणि त्याबरोबर एक पायरी ठेवली: लेखी नोटीस, आणि ती मिळाल्यावर रक्कम देण्यासाठी पंधरा दिवस. त्या मुदतीत पैसे दिले तर गुन्हाच घडत नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण न वटल्यास २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याने तशीच तरतूद केली. अर्थात या कलमाचा दुसरा परिणामही आपण पाहिला. चेकचे खटले न्यायालयांत इतके साचले की २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कार्डाबाबत नाव द्यावे, पायरी ठेवावी, परंतु बँकांच्या थकबाकीचा पूर न्यायालयांच्या दारात सोडू नये, एवढा धडा त्यातून घेता येईल.

अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या दंड संहितेत या अडचणीवर एक उत्तर आहे आणि ते मला व्यवहार्य वाटते. कार्ड रद्द, मागे घेतलेले किंवा मुदत संपलेले आहे हे माहीत असून वापरले तरच तिथे गुन्हा ठरतो. बँकेकडून सूचना मिळाली असेल तर माहीत होते असे न्यायालय गृहीत धरते, आणि पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवले असेल तर ते पाच दिवसांत मिळाले असे धरले जाते. म्हणजे ग्राहकाला कळवण्याचा भार आधी बँकेवर येतो आणि त्यानंतरच ग्राहकाची जबाबदारी सुरू होते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवरच टाकलेला आहे, तेव्हा हे सूत्र आपल्याला परके नाही.

म्हणून समितीपुढे माझी मागणी अशी आहे. रद्द, ब्लॉक केलेले वा मुदत संपलेले कार्ड, ते तसे असल्याचे माहीत असताना, लबाडीने माणसापुढे किंवा यंत्रापुढे ठेवणे हा न्याय संहितेत स्वतंत्र आणि दखलपात्र गुन्हा असावा आणि व्यवहार नाकारला गेला तरी तो पूर्ण झालेला गुन्हा मानावा. शिक्षा फार वाढवावी असे माझे म्हणणे नाही. तीन वर्षांपर्यंतची कैद पुरेशी आहे. गुन्ह्याला नाव असले की ठाण्यातल्या छापील नमुन्यात रकाना आपोआप येतो, आणि मला हवा आहे तो रकाना. दुसऱ्यांच्या नावाची पाच किंवा अधिक बंद कार्डे फसवणुकीच्या हेतूने जवळ बाळगणे हा वेगळा गुन्हा करून त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी. अमेरिकेची पंधरा ही संख्या आपल्याकडे फार मोठी ठरेल, कारण आपल्या एटीएमच्या रांगेतला ठक एका वेळी पाच-सातच कार्डे खिशात ठेवतो, एकेका बँकेच्या रंगाचे एकेक. स्वतःच्या नावाचे कार्ड वापरणाऱ्यावर मात्र बँकेने पोच मिळेल अशी सूचना दिल्याशिवाय आणि रक्कम भरण्याची मुदत उलटल्याशिवाय कोणतीही फौजदारी कारवाई होऊ नये. ज्याने थकबाकीचा वाद लेखी उपस्थित केलेला आहे त्याला या कलमातून पूर्णपणे वगळावे.

याबरोबर एक काम कायद्याशिवायही होऊ शकते आणि त्यासाठी या पत्राची प्रत रिझर्व्ह बँकेला पाठवीत आहे. ४१ आणि ४३ या कोडने नाकारलेला व्यवहार दुकानाच्या मशीनवर मराठी, हिंदी किंवा त्या भागातल्या भाषेत स्पष्ट दिसावा, आणि त्याची नोंद १९३० या सायबर हेल्पलाइनच्या व्यवस्थेत रक्कम शून्य असली तरी घेतली जावी. भाच्याच्या दुकानातल्या त्या माणसाची तीन कार्डे आणि काकूंच्या कार्डावरचे दोन फसलेले प्रयत्न यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. पण तो होता की नव्हता हे आज कोणालाच शोधता येणार नाही, कारण दोन्ही प्रसंग कोणत्याच नोंदवहीत नाहीत.

त्या अनोळखी बाईचे कार्ड अजून माझ्याकडे आहे. ज्या बँकेचे ते आहे तिला मी लेखी कळवले, तेव्हा कार्ड चिपवरून कापून नष्ट करावे असे उत्तर आले. ठाण्यात दाखवले, तर तो पुरावा आहे, घरीच जपून ठेवा, लागले तर मागवू, असे सांगण्यात आले. मुद्देमाल म्हणून ते जप्त झालेले नाही. एका पाकिटावर तारीख आणि जागा लिहून मी ते कपाटात माझ्या पाच जुन्या कार्डांपासून वेगळे ठेवले आहे, आणि समितीला पाहायचे असल्यास घेऊन येण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदूर